उशाशी सवत

अमोदिंग : हा रंग तुझा नाही.

केझिया : हात लावू नकोस.

अमोदिंग : कुठं लावतेय? लांबूनच बघतेय. सकाळी असं नव्हतं, केझिया. सकाळी नुसती सूज होती. आता शेंडा काळा पडलाय.

केझिया : मी काळीच आहे.

अमोदिंग : ते तू मला सांगतेस? सहा वर्षं एका अंगणात राहतोय आपण. तू भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी आहेस. आणि हे पिकलेलं जांभूळ दिसतंय.

केझिया : चावलीस तेव्हा पाहिला होतास का रंग?

अमोदिंग : तेव्हा माझे डोळे मिटलेले होते.

केझिया : चार महिने झाले. हे आज सांगतेस?

अमोदिंग : तू आज विचारलंस.

केझिया : माझा फोन दे. फोटो काढून मीच बघते.

अमोदिंग : नाही देणार. डॉक्टरांनी बजावलंय, आत्ता तिला चेहरा दाखवू नका. कपाळाची कातडी खाली वळवून नाक केलंय, मधे देठ लोंबतोय. बघितलंस तर घाबरशील.

केझिया : तू रोज बघतेस. तू नाही घाबरत?

अमोदिंग : मी घाबरले तर पेज कोण पाजणार तुला? सिस्टर! ओ सिस्टर!

केझिया : ओरडू नकोस गं. काल ऑपरेशन झाल्यापासून चार वेळा बोलावलंस त्या बाईला. एकदा तर पेज गार झाली म्हणून.

अमोदिंग : गार पेज पोटात गोळा करते. सिस्टर!

नंबोझो : आले, आले. या वॉर्डात बेचाळीस बायका आहेत, आणि माझं नाव फक्त तुम्हालाच सापडतं. आता काय?

अमोदिंग : नाक बघा. रंग बदललाय.

नंबोझो : अहो बाई, सूज आहे. रविवारची दुपार आहे. दुसऱ्या दिवशी सूज येतेच. बहिणीची एवढी काळजी बरी नव्हे.

अमोदिंग : सूज नाही म्हणत मी. रंग म्हणते.

नंबोझो : मला तर सारखाच दिसतोय.

अमोदिंग : तुम्ही तिला परवापासून बघताय. मी सहा वर्षं बघतेय. वाईट नजरेनंच बघितलंय, पण बघितलंय.

नंबोझो : वाईट नजरेनं? काय बोलता तुम्ही दोघी बहिणी, मला काही कळत नाही. बरं, थांबा. सुईनं एक बारीक टोचून बघते. लाल थेंब आला की तुम्ही गप्प बसायचं आणि मी माझा चहा प्यायचा. केझिया, हलू नकोस.

केझिया : आई गं!

नंबोझो : झालं, झालं. हं. थेंब तर... अरे देवा.

केझिया : काय झालं? सिस्टर, काय झालं?

नंबोझो : काही नाही. हलू नकोस म्हटलं ना.

अमोदिंग : काळं आहे. सिस्टर, रक्त काळं आहे. आणि किती भराभरा येतंय.

नंबोझो : दिसतंय मला. केझियाच्या पाठीखाली ती दुसरी उशी घाला. डोकं वर पाहिजे. आणि देठाला काही घासत नाही ना बघा. ही पट्टी कुणी इतकी आवळून बांधली?

अमोदिंग : तुमच्याच माणसानं. सकाळी.

नंबोझो : हं. सोडा ती. मी डॉक्टरांना फोन लावते.

केझिया : नाक सडलं का, सिस्टर? खरं सांगा. परत गेलं का?

नंबोझो : ऐक. नवीन नाकात रक्त देठातून येतं. येतंय, चांगलं येतंय. पण परत जायच्या शिरा बारीक असतात, त्या तुंबल्यात. म्हणून आतलं रक्त आतच साचतंय. साचलेलं रक्त शिळं होतं, काळं होतं, आणि तसंच राहिलं तर कातडी मरते. अजून मेलेली नाही. वेळेत कळलंय. हॅलो? डॉक्टर ओडोई? वॉर्डातून नंबोझो बोलतेय. कालची कपाळावरून नाक केलेली बाई. हो. शेंडा जांभळा, ताणलेला, टोचलं तर काळं रक्त, भरभर. पट्टी घट्ट होती, सोडली. दोन टाके? बाजूचे? बरं. हो, गोठू न देणारं औषध आहे, आठ बाटल्या असतील. नाही डॉक्टर, जळवा कुठून असणार आपल्याकडं?

अमोदिंग : जळवा? जळवा पाहिजेत?

नंबोझो : थांबा हो. नाही, तुम्हाला नाही म्हटलं, डॉक्टर. इथं तिची बहीण आहे. तिनंच ओळखलं, खरं सांगायचं तर. मी नाही म्हणत होते. काय? तिला शिकवू? बरं. बघते.

अमोदिंग : सिस्टर, आमचं गाव बिसिना तळ्याकाठी आहे. पाणथळीत पाय घातला की दहा जळवा चिकटतात. उद्या सकाळच्या टॅक्सीनं जाते, दुपारपर्यंत डबाभर आणते.

केझिया : माझ्या नाकाला जळवा लावणार? अमोदिंग, तुझं पोट भरलं नाही का अजून?

नंबोझो : कुणी लावत नाही. दुसऱ्या देशात लावतात, साचलेलं रक्त त्या ओढून घेतात. पण त्या जळवा स्वच्छ पाण्यात वाढवलेल्या असतात, आणि वर पुन्हा औषध द्यावं लागतं. तुमच्या तळ्यातल्या आणल्या तर गुरांचे सगळे रोग नाकात जातील. आपण सुईनं करायचं. मी आता दोन टाके सोडते म्हणजे ताण कमी होईल. मग दर तासाला शेंड्यावर बारीक टोचायचं, आणि औषधात भिजवलेल्या बोळ्यानं पुसत राहायचं. खपली धरू द्यायची नाही. रक्त झिरपत राहिलं पाहिजे.

केझिया : किती दिवस?

नंबोझो : पाच. कदाचित सहा. तोवर बाजूच्या मांसातून नव्या शिरा फुटतात आणि नाक आपलं आपण सांभाळतं. तुझं रक्त रोज तपासू, फार कमी झालं तर बाटली चढवू.

अमोदिंग : आणि टोचायचं कुणी?

नंबोझो : दिवसपाळीला आम्ही दोघीच नर्स. बेचाळीस बायका. तुम्हीच सांगा कुणी टोचायचं.

अमोदिंग : मी?

नंबोझो : डॉक्टरच म्हणाले, त्या बाईची नजर चांगली आहे, तिला शिकवा. हात धुऊन या. कोपरापर्यंत, साबणानं, दोनदा.

केझिया : सिस्टर, नको.

नंबोझो : का? घाबरू नकोस. स्वतःच्या माणसाचा हात हलका असतो.

केझिया : तसं नाही.

नंबोझो : मग कसं?

केझिया : काही नाही. धुऊन ये म्हणावं तिला. नखंसुद्धा.

*

केझिया : आज सोमवार.

अमोदिंग : असेल.

केझिया : असेल काय? दर सोमवारी तुला चौकीत अंगठा द्यायला जावं लागतं. सकाळची टॅक्सी गेली.

अमोदिंग : मी टॅक्सीला बसले असते तर दहा वाजता कुणी टोचलं असतं? मान वर कर. अजून थोडी.

केझिया : हजेरी चुकली की जामीन जातो. हवालदारानं तुला समजावून सांगितलं होतं. मी तिथंच होते, तोंडाला फडकं धरून.

अमोदिंग : समजलं होतं मला. हलू नकोस, टोचतेय.

केझिया : आ! कपाळात का टोचतेस?

अमोदिंग : कपाळात कुठं? नाकावर टोचलं. शेंड्यावर.

केझिया : मला कपाळात लागलं. भुवईच्या वर. शपथ.

अमोदिंग : सुई माझ्या हातात आहे, मला दिसतंय ना कुठं आहे ती. आता बोळा लावते. कुठं लागतोय?

केझिया : कपाळावर. गार.

अमोदिंग : मी नाक पुसतेय.

केझिया : माझं डोकं फिरलंय का गं?

अमोदिंग : सिस्टरला विचारू. त्या आल्याच बघ. सिस्टर, हिच्या नाकाला हात लावला की हिला कपाळाला कळतं.

नंबोझो : कळणारच. ती कातडी कपाळाची. तिच्यातली नस अजून जुनाच पत्ता सांगते. कुणाचं सहा महिन्यांत सुधारतं, कुणाचं वर्षभरात. कुणाचं कधीच नाही. एक म्हातारा होता आमचा, त्याच्या नाकावर माशी बसली की तो कपाळावर थप्पड मारायचा.

केझिया : माशी उडायची का?

नंबोझो : कपाळावर बसलेली असती तर उडाली असती. बरं, रंग कसा आहे? कालपेक्षा उतरलाय. छान. शाबास हो बाई. काल मी सगळ्या वॉर्डाला सांगितलं, बहीण असावी तर अशी. आता मला जरा कागद भरू द्या. डॉक्टरांना जुनी माहिती पाहिजे. जखम कधीची... चार महिन्यांपूर्वीची. कशानं... "माणसाचा चावा." माणसाचा? नवऱ्यानं?

केझिया : नाही.

नंबोझो : खाली लिहिलंय. "भांडणात सवतीनं नाकाचा शेंडा चावून तोडला. पोलिसांत तक्रार दाखल." अगं बाई! काय राक्षसीण आहे. आत टाकली की नाही तिला?

अमोदिंग : जामिनावर आहे.

नंबोझो : जामिनावर! आणि तुम्ही सख्खी बहीण असून गप्प बसलात?

अमोदिंग : मी बहीण नाही, सिस्टर.

नंबोझो : बरं, चुलत असाल. तरी पण...

अमोदिंग : चुलतही नाही. ती मी.

नंबोझो : कोण ती?

केझिया : सवत. हीच.

नंबोझो : सुई खाली ठेवा.

अमोदिंग : अजून पुसायचं राहिलंय, खपली धरेल.

नंबोझो : सुई खाली ठेवा आणि लांब व्हा! दोन दिवस मी तुम्हाला शाबासकी देतेय. तुमच्या हातात सुई दिली मी. माझी नोकरी जाईल. खोटं का बोललात?

अमोदिंग : मी एकदाही बहीण म्हटलं नाही. तुम्हीच म्हणत होता.

नंबोझो : आणि तू, केझिया? तू तरी बोलायचंस! हिला इथं आणलं कुणी?

केझिया : कुणी नाही. मी टॅक्सीत चढले तर ही मागून चढली. मांडीवर पातेलं घेऊन. मला वाटलं, पुढच्या थांब्यावर उतरेल.

नंबोझो : मग?

केझिया : नाही उतरली. दारावर त्यांनी विचारलं, सोबतीण कोण? हिनं आपलं नाव सांगितलं. मला वाटलं, मी आता नको म्हणेन.

नंबोझो : आणि म्हणालीस का?

केझिया : नाही.

नंबोझो : का?

केझिया : माझी आई वारली. बहीण लांब, सीमेपलीकडं जुबाला असते. नवऱ्याला बायकांच्या वॉर्डात घेत नाहीत, आणि घेतलं असतं तरी इमोरुतला चूल पेटवता येत नाही. पेज कोण शिजवणार होतं?

नंबोझो : पेजेसाठी? तुझं नाक तोडणाऱ्या बाईला तू पेजेसाठी जवळ ठेवलंस?

केझिया : माहीत नाही, सिस्टर.

नंबोझो : माहीत नाही म्हणजे काय! भीती वाटते का तिची? तसं असेल तर बोल. आत्ता शिपायाला बोलावते, बाहेर काढते.

केझिया : भीती वाटते. झोपताना वाटते. पण तिनं नाही टोचलं तर जास्त वाटते.

नंबोझो : हे काय उत्तर झालं?

अमोदिंग : सिस्टर, मला बाहेर काढा, पण आधी ते पुसा. बघा, गोठायला लागलंय.

नंबोझो : बसा तुम्ही तिकडं भिंतीशी. मी पुसते. मीच टोचेन इथून पुढं, दर तासाला, काय व्हायचं ते होऊ दे... काय गं? कोण? भाजलेलं मूल आणलंय? किती भाजलंय? आले, आले म्हणून सांग. सलाइन लावायला घे.

केझिया : जा तुम्ही.

नंबोझो : आणि तुझं नाक?

केझिया : सुई तिच्याजवळ द्या.

नंबोझो : केझिया, नीट विचार कर.

केझिया : विचार करायला लागले की मला काहीच सुचत नाही. रंग बदलला तो तिला दिसला. तुम्हाला नाही दिसला, मला तर आरसाच नाही. द्या तिला.

नंबोझो : घ्या. पण वॉर्डाचं दार उघडं राहील, आणि शेजारच्या खाटेवरची आजी तुमच्यावर डोळा ठेवेल. आजी, ऐकलंत ना?

*

केझिया : ती आजी झोपली.

अमोदिंग : बघितलं. झोपू दे.

केझिया : का चावलीस?

अमोदिंग : सांगितलं होतं की पोलिसांना.

केझिया : पोलिसांना तू घमेल्याचं सांगितलंस. प्लॅस्टिकच्या घमेल्यासाठी कुणी नाक तोडतं का? मला वाटतं, इमोरुतवरून.

अमोदिंग : इमोरुतवरून? त्या माणसासाठी मी दात झिजवीन? अगं, मीच त्याला म्हटलं होतं, केझियाला घरात आण. माझी कंबर धरलेली, शेतात दोघींचं काम, आणि घरात बोलायला बाईमाणूस नाही. चर्चमध्ये गाणं म्हणताना तू माझ्या शेजारी उभी राहायचीस. मला तुझा आवाज आवडायचा.

केझिया : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

अमोदिंग : सांगायचं काय त्यात? तू घरात आलीस तेव्हा समजायला हवं होतं.

केझिया : मग का?

अमोदिंग : टोचू दे आधी. हं. आता पुसते. बोलत राहिले तर चालेल, बघत राहिलं म्हणजे झालं. त्या दिवशी मी दारात मूग निवडत बसले होते. अकोल लंगडत आली.

केझिया : काटा लागला होता तिला. बाभळीचा.

अमोदिंग : बोटाएवढा. मला लांबूनच दिसला. मी सूप बाजूला ठेवलं, हात पुढं केला. केझिया, माझी पोरगी ती. सात वर्षांची. माझ्यासमोरून गेली. माझा हात तिनं पाहिला आणि वळसा घालून तुझ्या झोपडीकडं गेली. तुझ्या मांडीवर पाय ठेवला. तू काटा काढलास तर रडलीसुद्धा नाही, हसली. आणि मग तू मला म्हणालीस, घमेलं दे.

केझिया : पाय धुवायला.

अमोदिंग : मी म्हटलं, घमेलं माझं आहे. तू म्हणालीस, पोरीचा पाय धुवायचाय, घमेल्याचं काय घेऊन बसलीस! पोरीचा. जशी काही मी शेजारीण आणि तू आई. मग मी उठले. तू पहिलं ढकललंस की मी, ते आता आठवत नाही.

केझिया : मी. मी ढकललं. घमेलं ओढून घेताना.

अमोदिंग : तू पोलिसांना हे सांगितलं नाहीस.

केझिया : तू डोळे मिटल्याचं सांगितलंस का?

अमोदिंग : नाही.

केझिया : म्हणजे सगळं त्या काट्यावरून? अकोल माझ्याकडं आली म्हणून?

अमोदिंग : तुला लहान वाटतं ते. तुझ्या पोटची असती म्हणजे कळलं असतं.

केझिया : बोलू का एक? टोचणं झालं असेल तर सुई खाली ठेव आणि ऐक.

अमोदिंग : ठेवली.

केझिया : तिची चप्पल हरवली होती. एक. तू बाजारातून आणलेली, लाल पट्ट्याची. पाणथळीत चिखलात रुतली. काठी घालून शोधली म्हणे तिनं, सापडली नाही. दोन दिवस अनवाणी हिंडत होती, तू दिसलीस की पाय गवतात लपवायची. म्हणून तर काटा लागला. तुझ्याकडं पाय आणला असता तर तू विचारलं असतंस, चप्पल कुठंय? माझ्याकडं आली, कारण चपला मी आणल्या नव्हत्या.

अमोदिंग : मी मारलं नसतं तिला.

केझिया : मारलं असतंस.

अमोदिंग : एक थप्पड. फार तर दोन.

केझिया : तेवढ्यालाच भीत होती ती.

अमोदिंग : मग तेव्हाच का नाही बोललीस? घमेलं मागण्याऐवजी एवढंच बोलायचंस!

केझिया : पोरीला शब्द दिला होता, आईला सांगणार नाही म्हणून. आणि नंतर कधी सांगायचं होतं? फडक्यात नाकाचा तुकडा घेऊन दवाखान्यात गेले, तिथं ते म्हणाले हा आता बसत नाही. त्यानंतर चार महिने मी तोंड झाकून घरात. तुझ्याशी काय बोलणार होते?

(अमोदिंग बोळा औषधात बुडवते, पिळते, पुन्हा बुडवते.)

अमोदिंग : मग मी कशासाठी चावले?

केझिया : मला काय विचारतेस?

अमोदिंग : चार महिने मला वाटत होतं, चूक झाली माझी, मोठी झाली, पण मला कारण होतं. रात्री पडल्या पडल्या मी ते कारण घट्ट धरून ठेवायचे. आता तू म्हणतेस, चप्पल.

केझिया : मी खोटं बोलत नाही.

अमोदिंग : माहीत आहे. तू खोटं बोललीस की तुझा डावा कान हलतो.

केझिया : रडू नकोस. तुझं पाणी माझ्या टाक्यांवर पडेल.

अमोदिंग : मी रडत नाही.

केझिया : मग हे कपाळावर गरम काय पडलं?

अमोदिंग : थांब, पुसते. हात धुऊन येते आधी.

केझिया : लवकर ये. तास होत आला असेल.

*

नंबोझो : लाल! बघा, बघा. आजी, तुम्हीही बघा. लाल थेंब, आणि हळूच आला. शुक्रवारी दुपारी बारा वाजता.

केझिया : म्हणजे वाचलं?

नंबोझो : वाचलं. सुई बंद. नव्या शिरा फुटल्या. मात्र डाव्या नाकपुडीची कड काळी कोरडी पडलीय, ती काही जगत नाही. गळून पडेल. ओढायची नाही. देठ कापायला याल तेव्हा डॉक्टर कानामागची थोडी कातडी लावतील तिथं.

अमोदिंग : ती कड माझ्यामुळं गेली का? मी कमी टोचलं का तिथं?

नंबोझो : नाही हो. काही ठिकाणी होतंच. तुम्ही नसता तर अख्खा शेंडा गेला असता. हे मी खुशीनं बोलत नाहीये. मला अजून तुमचा राग आहे. पण खरं आहे ते खरं आहे.

केझिया : आणि शेंड्यावर हे टोचतंय काय? बोटाला खरखरीत लागतंय.

नंबोझो : केस.

केझिया : नाकावर?

नंबोझो : तुझं कपाळ लहान. कातडीची पट्टी पुरेना, म्हणून डॉक्टरांना केसांपर्यंत जावं लागलं. वाढले की कात्रीनं कापायचे. पुढं डॉक्टर आतून खरवडून मुळं पातळ करतील.

अमोदिंग : बकऱ्यासारखी दाढी आली तर इमोरुत पळून जाईल.

केझिया : हसवू नकोस, कपाळ दुखतं... म्हणजे नाक. काय दुखतं तेच मला कळत नाही.

नंबोझो : हसताय काय? तुमच्या नवऱ्याचा फोन आला होता ऑफिसात. चौकीतला हवालदार घरी आला होता. सोमवारी अंगठा दिला नाही म्हणून. उद्यापर्यंत हजर झाली नाही तर पकडून नेणार म्हणे.

अमोदिंग : आज संध्याकाळच्या टॅक्सीनं जाते. सुई बंद झाली ना आता. पेजेचं शेजारणीला सांगून ठेवते, चिंच किती घालायची तेही सांगते.

केझिया : जाऊन काय सांगशील?

अमोदिंग : इथं होते म्हणून सांगेन.

केझिया : तुझं कोण खरं मानेल? सिस्टर, तुम्ही एक चिठ्ठी द्या. इस्पितळाच्या कागदावर, शिक्का मारून.

नंबोझो : काय लिहू?

केझिया : सोमवारी ही इथं होती. दिवसभर. दर तासाला.

नंबोझो : "आरोपी सोमवारी फिर्यादीच्या उशाशी होती." असं लिहू? हवालदार मला वेडी म्हणेल.

केझिया : लिहा. खाली मी सही करते.

नंबोझो : सही करायचीच आहे तर तक्रार मागं घेतेस का? तेही याच कागदात उरकून टाकू.

केझिया : नाही.

नंबोझो : नाही?

केझिया : केस चालू राहू दे. नाक माझं गेलंय, सिस्टर. ते जसंच्या तसं कुणी आणून दिलं नाही.

अमोदिंग : मी तसं मागितलंच नाही. शिक्षा होईल ती होईल.

नंबोझो : बरं बाई. आता हा दुसरा कागद. दोन आठवड्यांनी देठ कापायला परत भरती व्हायचं. सोबतिणीचं नाव आत्ताच लिहावं लागतं. कोण येणार?

केझिया : अमोदिंग.

नंबोझो : ही?

केझिया : हीच. तोवर तिला आत टाकू नका, असं त्या चिठ्ठीत घाला.

नंबोझो : एका कागदावर ही आरोपी, दुसऱ्यावर सोबतीण, आणि सही दोन्हीकडं तुझी. उद्या कुणी मला विचारलं तर मी सांगू काय? मला तर तुमचं काही समजत नाही.

केझिया : मलाही नाही, सिस्टर. तुम्ही लिहा.